खुरसापुढचे चणे

२ मेच्या सकाळी चुना भिजवला आणि खुरसावरची वर्षभराची शेवाळ नारळाच्या काथ्याने घासून काढली. आमचा खुरीस म्हणजे चिऱ्याचा क्रूस आहे, अंगणाच्या टोकाला, पाणंदीला लागून. तीन तारखेला त्याचा सण. संध्याकाळी मेणबत्त्या लावायच्या, लदीन ही प्रार्थना म्हणायची आणि जो येईल त्याला उकडलेले चणे खोबरं घालून द्यायचे. सासूबाई गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. वाडीत ख्रिस्ती घर आमचं एकच, पण लदिनीला अंगण भरायचं. एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. हिंदू शेजाऱ्यांनासुद्धा उत्तरं पाठ होती.

चुना लावत असतानाच तिघेजण मोटारसायकलवरून आले. वाडीतले नव्हते.

“ताई, उद्या इथे प्रार्थना आहे ना? कोण कोण येतं?”

“वाडीतली माणसं.”

“हिंदूपण?”

“त्यांच्या आज्यापण यायच्या.”

“खायला काय देता?”

“चणे.”

“म्हणजे आमिष दाखवता.”

“मूठभर चण्यांवर देव बदलणारा माणूस असेल तर मलाही दाखवा,” मी म्हटलं. “मी त्याला उसळच करून घालीन.”

एकाला हसू आलं. दुसऱ्याने फोन काढून खुरसाचं, घराचं आणि माझं चित्रीकरण केलं. “उद्या बघू,” एवढंच तिसरा बोलला. ते गेल्यावर मी ब्रश उचलला. चुना साडीवर सांडला.

दुपारपर्यंत बातमी वाडीभर झाली. माझा दीर जेवता जेवता म्हणाला, “वयनी, यंदा घरात करूया. देवाक काय भिंतीआड दिसना नाय?”

“देवाक दिसतला. पण खुरीस भायर आसा.”

“उद्या कोणी दगड मारल्यान तर?”

मी चणे भिजत घातले. दर वर्षीचं मोठं पातेलं घेतलं, कारण कमी घेतले असते तर बाहेर करायचं की आत, हे तिथेच ठरून गेलं असतं.

संध्याकाळी शेजारीण मागच्या दाराने आली. ती नेहमी पुढच्या दाराने यायची. मी लग्न होऊन इथे आले त्याच वर्षी तीही पलीकडच्या घरात आली. तिचा मुलगा लहानपणी तापाने फणफणला, तेव्हा तिने आमच्या खुरसाला अबोलीच्या हाराचा नवस केला होता. तेव्हापासून तिचा हार चढल्याशिवाय आम्ही मेणबत्ती पेटवत नसू. आमच्याकडचा मोठा नारळ तिच्या गणपतीला जायचा.

“गो, उद्या माका हाक मारू नको.”

“कित्याक?”

“झिलाची ओरोसाक नोकरी. अजून कायम करूक नाय. कोणीतरी तेका फोटो दाखवल्यानी, गेल्या वर्साचो. मी खुरसाफुडे हार घेवन उभी.” ती पदराचं टोक पिळत होती. “चणेपण धाडू नको. डबो दिसलो तरी लोक बोलतले.”

“इतकी वर्सां चणे खाल्लंस, बाटलंस काय?”

“मस्करी करू नको गो.” आणि ती रडायलाच लागली.

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं, कदाचित. “बरां,” म्हटलं आणि खोबरं खवायला बसले. मुलासाठी मीही तेच केलं असतं की नाही, याचा विचार मी मुद्दाम केला नाही. केला असता तर दुसऱ्या दिवशी बाहेर उभी राहू शकले नसते.

तीन तारखेला दिवस कलताना अंगणात आम्ही तिघंच होतो. दीर, जाऊ आणि मी. खुर्च्या मांडल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. हार नव्हता. कुंपणापलीकडे शेजारणीच्या अबोल्या फुलांनी भरलेल्या दिसत होत्या. हाराशिवाय मेणबत्ती पेटवायला माझा हात धजेना, पण पेटवली.

लदीन अर्ध्यावर आली आणि पाणंदीत मोटारसायकल थांबली. दिव्याचा झोत सरळ आमच्यावर. दीर गप्प झाला. जाऊ गप्प झाली. मी पुढची ओळ म्हटली. उत्तर आलं नाही. तेव्हा उत्तरही मीच दिलं. पुन्हा एक ओळ, पुन्हा माझंच उत्तर. माझा आवाज गाण्याचा नाही; तो फाटला. त्या क्षणी मला देव जवळ वाटला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला फक्त भीती वाटत होती, आणि थांबले तर पुढच्या वर्षी सुरू करता येणार नाही, एवढं कळत होतं.

शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. मग तिथला दिवाही गेला. ती ऐकत होती की घाबरली होती, याचा अर्थ लावत मी बसले नाही.

थोड्या वेळाने जावेने उत्तर दिलं, अगदी हळू. मग दिराने. मोटारसायकल निघून गेली. आम्ही शेवटपर्यंत म्हटलं, तिघांनी मूठमूठ चणे खाल्ले. पातेलं भरलेलंच आत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चणे आंबले होते. ते माडाच्या आळ्यात पुरले, पातेलं राखेने घासलं. मग पहिल्या एसटीने आचऱ्याच्या बाजारात जाऊन अबोलीची दोन रोपं आणली. मे महिन्यात रोप लावायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. खुरसाच्या पायथ्याशी खणायला घेतलं तेव्हा शेजारीण विहिरीवर होती. तिची घागर भरली तरी ती निघेना. मी तिच्याकडे पाहिलं नाही. आळं केलं, रोपं लावली, वर झावळीची सावली केली आणि पाणी घातलं.