वाढल्या पानावरून

कोपराच्या वर घट्ट धरून मला उठवलं. भात कालवून झाला होता. बोटांना सांबार लागलेलं होतं. पहिला घास अजून तोंडात गेला नव्हता.

मी नऊ वर्षांची होते. कुंभकोणमच्या एका मंगल कार्यालयाच्या मागे माझी आई भांडी घासत होती. तिसरी पंगत बसत होती. एक पान रिकामं राहिलं आणि वाढप्यानेच मला खूण केली, बस म्हणून. बसले. अख्खं केळीचं पान माझ्यापुढे आयुष्यात पहिल्यांदा आलं होतं. मी त्यावर पाणी शिंपडलं, मोठ्या माणसांचं बघून. वाढप्यांनी भात वाढला, सांबार वाढलं, अप्पळम म्हणजे पापड ठेवला. मग तो हात आला.

"ऊठ. हें पान तुज नव्हे. मागच्या दारीं जा, मागून देतील."

ज्यांच्या घरचं कार्य होतं त्या बाईसाहेब मराठीत म्हणाल्या. ते मी विसरलेले नाही. तिथे बहुतेक सगळे तमिळ बोलत होते. त्या मात्र माझ्याशी आमच्या घरच्या भाषेत बोलल्या. त्यांच्या पूर्वजांना तंजावरच्या दरबारात मान होता. माझे पूर्वज त्याच दरबाराचे अंगरखे शिवायचे. दोघंही महाराष्ट्रातून इथे आलो, दोघंही इथलेच झालो. भाषा एक. पान वेगळं.

पंगतीतल्या लोकांनी बघितलं आणि जेवायला लागले. कोणाचाही घास अडला नाही.

मी तसाच खरकटा हात घेऊन मागे गेले. आईने बघितलं. राखेच्या हातानेच तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. "काय म्हणून बसलीस? काय म्हणून?" मग स्वतःच रडायला लागली. मला तिच्या रडण्याचाही राग आला. संध्याकाळी बादलीतून आम्हाला जेवण मिळालं, सगळं एकात एक मिसळलेलं. मी खाल्लं नाही, असं लिहायला आवडलं असतं. पण खाल्लं. भूक होती. लाज वाटते ती त्याचीच.

दुसऱ्या दिवशी शाळेत दुपारची घंटा झाली. सरकारी शाळेत मुलांना मिळणाऱ्या दुपारच्या जेवणाला आमच्याकडे सत्तुणवु म्हणतात. मुलं ओळीने बसली. मी भिंतीला टेकून उभी राहिले, ताटली छातीशी धरून. स्वयंपाक करणारी म्हातारी अम्मा डाव घेऊन आली. "उक्कारु," म्हणाली. बस. मी बसेना. तिने डोळे बारीक केले.

"काय झालं गं?"

"कोणी उठवलं तर?"

ती हसली नाही. भाताचा वाफाळता डाव तिने माझ्या ताटलीत उपडा केला, मग मला खांद्याला धरून खाली बसवलं. "हे सरकारचं आहे," ती तमिळमध्ये म्हणाली. "म्हणजे तुझं आहे. तुला इथून उठवणारा अजून जन्माला आलेला नाही."

भात जाड होता. सांबारात डाळ शोधावी लागत होती. पण गरम होतं, माझ्यासाठी म्हणून त्याच दिवशी शिजलेलं होतं, आणि मागे कोणी उभं नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की जेवणात दोन जाती असतात. एक जेवण उरलं म्हणून मिळतं. दुसरं आपलं म्हणून मिळतं.

आज मीच ती सत्तुणवु अम्मा आहे. पट्टीश्वरम् रस्त्यावरच्या एका शाळेत गेली चौदा वर्षं रांधते. पक्क्या भिंतींचं स्वयंपाकघर आहे, गॅस आहे. साडेनऊला डाळ धुवायला घेते. वाढण्याआधी स्वतः चाखते, मग मास्तर चाखतात, मग मुलं.

गेल्या आवणी महिन्यात, मुहूर्ताच्या दिवसांत, हेडमास्तर सकाळीच स्वयंपाकघराच्या दारात आले. माणूस वाईट नाही. फक्त मोठी गाडी दिसली की त्यांची पाठ आपोआप वाकते.

"आज शेगडी पेटवू नका," म्हणाले. "कार्यालयातून जेवण येतंय. मोठं घराणं आहे, यजमानांची सत्तरीची शांत आहे. मुलांना पायसम मिळेल, वडे मिळतील."

घराण्याचं नाव त्यांनी सांगितलं. बाईसाहेबांचंच घराणं.

आणि मी हेडमास्तरांचं ऐकलं. हेही लिहिते. भिजवलेली डाळ झाकून ठेवली आणि हात बांधून बसले. नोकरी माझी एकटीची आहे, तिच्यावर घर चालतं. नवरा गेला. आई आता अंथरुणाला खिळली आहे. गप्प बसायला तेवढं कारण पुरतं.

घंटा झाली. साडेबाराला मुलं ताटल्या घेऊन बसली. जेवण नाही. एक वाजला. हेडमास्तरांनी फोन केला. फोन ठेवून घाम पुसत म्हणाले, "तिरुप्पनंदाळचे पाहुणे उशिरा आले. त्यांची पंगत उठली की लगेच पाठवतात."

पंगत उठली की. मागून देतील.

दुसरीतली एक पोर उठून माझ्याकडे आली. सकाळी आईबरोबर शेतावर जाऊन धावत शाळेत येते ती. इथला नाश्ताही चुकतो बऱ्याचदा. तिने माझ्या पदराला हात लावला. "अम्मा, आज आपल्याला नाही का?"

मी उठले. शेगडी पेटवली.

"अहो, काय करताय?" हेडमास्तर आत धावले. "माझ्यावर येईल! तुमची नोकरी जाईल!"

"जाऊ दे," मी म्हटलं. तांदूळ, डाळ, भाज्या, हळद, सगळं एकाच पातेल्यात. दुसरीकडे अंडी उकडत लावली. पावणेदोनला मी पहिला डाव वाढला. फक्त फुंकर घालण्याचा आवाज येत होता.

तेवढ्यात व्हॅन आली. मागून गाडी. गाडीतून बाईसाहेब उतरल्या. केस पांढरे, पाठ तीच. बरोबर फोटोवाला, आणि यजमानांचा फोटो छापलेला लांबलचक फलक. व्हॅनमधून झाकलेली भांडी उतरली, केळीची पानं उतरली. अन्न उत्तम होतं. खोटं कशाला सांगू? वेलदोड्याचा वास सगळ्या व्हरांड्यात पसरला.

हेडमास्तर माझ्याकडे वळले, हात जोडायचेच बाकी होते. "पाच मिनिटं मुलांना उठवा. ताटल्या बाजूला करा. पानं मांडून फोटो झाला की पुन्हा बसवू."

मी हलले नाही.

बाईसाहेबांनी माझ्याकडे निरखून बघितलं. मग मराठीत, हळू आवाजात, "तूं आमच्या भांडेवालीची लेक ना? इतके जिन्नस आणिले, आणि तूं त्यांस खिचडी घालतेस? उठव त्यांस."

पोरांच्या तोंडात घास होते. दुसरीतली ती पोर घास तोंडात धरूनच थांबली, माझ्याकडे बघत. तिचं अंग उठायच्या बेतात होतं. ते उठणं मी ओळखते. माझ्या कोपराच्या वर ती बोटं मला अजून कळतात.

"वाढल्या पानावरून उठवत नाहीत, बाईसाहेब," मी म्हटलं.

"तूं कोण बोलणारी?"

"तुम्ही उठवलेली."

त्यांना आठवलं की नाही, मला माहीत नाही. आठवलं नसेल. उठवणाऱ्याला लक्षात ठेवायची गरज पडत नाही. पण माझ्या अंगात इतक्या वर्षांचं साचलेलं उसळून आलं, आणि मी मराठी सोडून तमिळमध्ये बोलले, मुलांना, मास्तरांना, फोटोवाल्याला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"या मुलांचं जेवण वाढलेलं आहे. हे सरकारचं जेवण आहे. मी काड्यापेटी घेते त्यावर कर भरते, यांचे आईबाप तेलसाबण घेतात त्यावर कर भरतात. त्यातून हे शिजतं. याच्यासाठी कोणाला हात जोडायचे नाहीत, कोणाच्या फलकाखाली बसायचं नाही. तुमचं जेवण चांगलं आहे. ते परत न्या. कार्यालयाच्या मागे ज्या बाया भांडी घासत असतील, त्यांना पुढच्या दारी बसवून, पान मांडून वाढा."

मी त्या पोरीपाशी गेले, खांद्याला धरून तिला नीट बसवलं आणि अजून एक डाव वाढला. "साप्पिडु," म्हटलं. जेव.

व्हॅन परत गेली. कुठे गेली, मी विचारलं नाही.

आठवड्याने मला नोटीस आली. हुकूम मोडला, देणगीदारांचा अपमान केला. वरच्या कचेरीत अजून एक कागद फिरतोय म्हणतात, की ज्या दिवशी देणगीदार तयार असतील त्या दिवशी शाळेत स्वयंपाक करायची गरज नाही. ऐकायला किती सोयीचं! आज एक दिवस, उद्या आठवडा, मग गॅसची जोडणीच काढून न्यायची. आणि मुलांनी दारात बसून वाट बघायची, कोणाच्या घरी पंगत उठते त्याची.

उत्तर मी स्वतःच्या हाताने लिहिलं. माफी मागितलेली नाही. लिहिलं, की होय, शेगडी मी पेटवली. सव्वा तास उशिरा पेटवली, एवढीच माझी चूक. ती पुन्हा होणार नाही.

मला काढतील कदाचित. काढू देत. मी फाटकाबाहेर बसेन, आणि त्या व्हरांड्यातलं प्रत्येक पोर पोटभर जेवून स्वतःच्या पायांनी उठेपर्यंत हलणार नाही.