शेवटच्या अंकावरच्या चकल्या

स्वयंपाकघराच्या दारातच मीनलचे पाय थिजले. सासूबाईंनी ओट्यावर कागद पसरून चकल्या निथळायला ठेवल्या होत्या, आणि त्या कागदांवर जपानी अक्षरं होती.

"आई, हे कुठून घेतलंत?"

"अगं, तुझ्या टेबलावरच्या रद्दीतून. तुमच्या बर्लिनमध्ये घरात एक वर्तमानपत्र सापडेल तर शपथ! दुकानांच्या जाहिरातींची पानं गुळगुळीत, तेल वरच्या वर. याची मधली पानं कशी छान खरबरीत आहेत! बघ, चकली अगदी कोरडी."

मीनलने एक चकली उचलली. खाली तेलाचं वेटोळं उमटलं होतं आणि त्यातून मागच्या बाजूची अक्षरं पुढच्या अक्षरांत घुसली होती. तिला वाचताच येईना.

मीनल पुण्याची. कॉलेजात असतानाच तिने हट्टाने जपानी शिकून घेतलं, एका कंपनीत दुभाष्याची नोकरीही केली. मग हृषिकेशला बर्लिनला काम मिळालं. इथे आल्यावर घर शोधा, पत्त्याची सरकारी नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग करा, जर्मन शिका, मुलीची शाळा बघा. या सगळ्यात तिचं जपानी माळ्यावर गेलं ते गेलंच. "इथे कोण विचारतंय त्याला?" असं ती स्वतःच हसून म्हणायची. पण हसताना आत काहीतरी टोचायचं.

विचारलं ते हेर ब्रांट, म्हणजे ब्रांटसाहेब, या निवृत्त जर्मन शिक्षकांनी. तरुणपणी ते जपानात राहिले होते आणि तिथलं आर्केड गेम्सचं एक मासिक गोळा करत होते. त्याच्या इतिहासाचं छोटंसं प्रदर्शन त्यांना भरवायचं होतं. जपानी बोलता येत असलं तरी वाचन त्यांना झेपत नव्हतं, म्हणून त्यांनी अंक मीनलला घरी वाचायला दिले. मीनलने आयुष्यात जॉयस्टिक हातात धरली नव्हती, पण त्या पानांत ती बघता बघता गुंतली. खेळवेड्या पोरांनी हाताने काढलेलं पत्रक, त्याचं झालेलं मासिक. गावोगावच्या गेम पार्लरमधून वाचक आपले विक्रम पाठवायचे आणि पार्लरवाल्याचा शिक्का असेल तरच ते छापले जायचे. पुढे प्रकाशकाचं दिवाळं वाजलं. टेबलावरचा हा अंक शेवटचा. छापणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हतं. त्यात 'पुढच्या अंकात' म्हणून झोकात जाहिरात होती!

आणि आता त्याच अंकावर चकल्या.

"एवढं मोलाचं होतं तर सांगायचंस ना," सासूबाईंचा चेहरा उतरला होता, पण जीभ नाही. "मी परवा विचारलं तर म्हणालीस, काही नाही हो, जुनी मासिकं आहेत."

ते खरंच होतं. मीनल एकेक चकली उचलून ताटात ठेवू लागली.

संध्याकाळी हृषिकेश म्हणाला, "इंटरनेटवर दुसरी प्रत शोधू. मिळेपर्यंत गप्प बस."

"आणि त्यांनी विचारलं तर? त्यांच्या डोळ्यांत बघून खोटं बोलू? मग हे काम माझं राहिलं काय नि गेलं काय, सारखंच."

दुसऱ्या दिवशी पानं दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून ती उबानने, म्हणजे भुयारी रेल्वेने, हेर ब्रांटकडे निघाली. सासूबाईंनी चकल्यांचा डबा पुढे केला, तेव्हा ती जवळजवळ किंचाळलीच, "आई, नको! निदान चकल्या तरी नको!"

हेर ब्रांटनी पान उजेडात धरलं, नाकाजवळ नेलं. "आल्झो..." 'हं, तर...' अशा अर्थाचं एवढंच जर्मनमध्ये म्हणाले. मीनलला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

"हा मी ओसाकाच्या स्टेशनवरच्या दुकानात घेतला होता," ते शेवटी म्हणाले. "पुढच्या अंकासाठी महिनाभर त्याच दुकानात जात राहिलो. कुणी काही सांगेना."

"माझ्या घरात झालं हे. काम दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल तर..."

"दुसरं कोण आहे?" ते तुटकपणे म्हणाले. "पण अंक आता या घराबाहेर जाणार नाहीत. शनिवारी इथे येऊन वाचा."

मान खाली घालून मीनलने होकार दिला. अपमान गिळणं सोपं नव्हतं, पण काम सोडणं त्याहून अवघड होतं.

शनिवारी ती त्यांच्या टेबलाशी बसली. हेर ब्रांटनी तिच्यासमोरचा पाण्याचा ग्लास उचलला, लांब खिडकीत नेऊन ठेवला आणि अंक पुढे सरकवला. तिने पदवीच्या परीक्षेला बसावं तशी पाठ ताठ केली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.