ओल्यातलं काम

लेव्हलदादाला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारली तर तो मागे वळूनसुद्धा बघायचा नाही. चाळीस वर्षं त्यानं फरश्या बसवल्या. आणि बसवल्या म्हणजे कशा, तर खोलीच्या मधोमध गोटी ठेवा, खुशाल गावभर हिंडून या, गोटी तिथल्या तिथे. हे करून दाखवल्याशिवाय तो घरमालकाच्या हातचं पाणीही घ्यायचा नाही. भिंतीवरचा फोटो तसूभर कलला तरी या माणसाला घास जात नाही, असं बायको सगळ्यांना सांगायची.

धाकटा भाऊही फरशीवालाच. दोघांनी जन्मभर जोडीनं कामं केली, पण वाटणी ठरलेली. हॉल, खोल्या, व्हरांडे दादाचे; न्हाणीघरं, मोऱ्या, गच्च्या धाकट्याच्या. दादा त्याला 'ओल्यातलं काम' म्हणायचा आणि म्हणताना त्याचं नाक जरा वर जायचं. मालकाला घरभर फिरवून काम दाखवायची वेळ आली की न्हाणीघराच्या दारावरून तो सरळ पुढे जायचा. गेल्या वर्षी धाकट्याचा गुडघा गेला आणि जोडी फुटली.

अशात बागेतल्या मैदानालगत खेळाडूंना कपडे बदलायच्या खोल्या निघाल्या. निघाल्या कसल्या, दादाच्या मुलीनं भांडून आणल्या. ती संध्याकाळी त्या मैदानावर मुलींना फुटबॉल शिकवते. सहा वर्षं तिच्या मुली झाडामागे चादर धरून कपडे बदलत होत्या. दोघींनी धरायची, तिसरीनं बदलायचं, आणि वारा सुटला की तिघींची तारांबळ. चिखलानं माखलेल्या तशाच घरी जायच्या. त्या चादरीपायी चार चांगल्या मुली खेळ सोडून गेल्या. मुलीनं पालिकेचे उंबरठे झिजवले, साहेबांची डोकी खाल्ली, तेव्हा कुठे दोन खोल्या मंजूर झाल्या: एक मुलींची, एक मुलांची, दोन्हींत बाकं, खुंट्या आणि सहा-सहा शॉवर. सोमवारी खेळाच्या संघटनेच्या बाई आधी मुलींची खोली तपासायला येणार होत्या. त्या हो म्हणाल्या तर यंदाचे सामने इथे. नाही म्हणाल्या तर पुन्हा ती चादर.

ठेकेदारानं फरशीसाठी दादाला बोलावलं. एकटा करतो, म्हणाला दादा. भावाला विचारावं असं त्याच्या मनातही आलं नाही. धाकटा मात्र रोज काठी टेकत यायचा आणि समोरच्या बाकावर ऊन खात बसायचा. मुलींची खोली पुरी होत आली त्या दिवशी तो दारात येऊन उभा राहिला. फरशीकडे बघितलं, दादाकडे बघितलं आणि 'छान' म्हणून निघून गेला. जळतोय बिचारा, असं दादाला वाटलं.

बुधवारी मुलीनं हौसेनं सहाही शॉवर सोडले. पाणी पडलं, पसरलं आणि बसून राहिलं. पाणी जायच्या जाळीजवळचं तेवढं खाली गेलं, बाकीचं बाकांखालून कपड्यांच्या बाजूला शिरलं. दादाची फरशी इतकी सपाट होती की पाण्याला कुठे जावं तेच कळेना. आता तुम्ही म्हणाल, चाळीस वर्षं मुरलेल्या मिस्त्रीला पाणी निघून जायला द्यायचा ढाळ ठाऊक नाही? ठाऊक होता हो. पण काढायची वेळ कधी आली नव्हती, ते खातं भावाचं. हाताला एकच वळण लागलेलं, त्यानं सवयीनं काम केलं.

 मुलीनं वायपर घेतला आणि मुकाट्यानं पाणी ढकलायला लागली. तिनं चार शब्द सुनावले असते तर दादाला बरं वाटलं असतं. पोरीच्या सहा वर्षांच्या खटपटीवर आपण आपल्याच हातानं पाणी फिरवलं, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोरी लावून त्यानं ढाळ आखायचा प्रयत्न केला. तीनदा आखला, तीनदा वेगळा आला. मग दोरी तिथेच टाकून तो बाहेर बाकाशी गेला.

"तुला दिसलं होतं," तो म्हणाला. "बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस?" धाकटा म्हणाला. "चाळीस वर्षांत माझं काम बघायला एकदा तरी आत आलास का, दादा?"

 दादा बाकाच्या कडेवर टेकला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "आता शिकव."

"आधी ती फरशी फोड."

दादानं आयुष्यातली सगळ्यात सपाट फरशी स्वतःच्या छन्नीनं फोडली. मग धाकटा उलट्या घातलेल्या बादलीवर बसला आणि काठीनं हुकूम सोडायला लागला. इथे सिमेंटचा माल जास्त झाला. तिथे हात जड पडला. काढ, पुन्हा लाव. त्रेसष्टाव्या वर्षी दादा शिकाऊसारखा बोलणी खात होता, आणि ही मजा बघायला बायको दोन दिवस मुद्दाम चहा घेऊन येत होती. चारी बाजूंनी जाळीकडे उतार, तोही असा की अनवाणी पावलाला कळू नये आणि पाण्याला मात्र चुकू नये. जाळीभोवतीची एकेक फरशी तिरकी कापायची. हे आपल्या कामाहून अवघड आहे, हे दादाला शुक्रवारी दुपारी कळलं. आपण इतकी वर्षं दारावरून पुढे गेलो याची त्याला खरोखर लाज वाटली.

सोमवारी बाई आल्या. सहाही शॉवर सोडले, बंद केले आणि घड्याळ बघत उभ्या राहिल्या. दोन मिनिटांत फरशीवर नुसती ओल उरली. बाईंनी वाकून तळवा फिरवला, कागदावर सही केली आणि तो मुलीच्या हातात दिला. मुलगी तो कागद छातीशी धरून उभी राहिली.

"काम कुणाचं?" बाईंनी विचारलं. ठेकेदार अभिमानानं म्हणाला, कुणाचं म्हणजे, आमच्या लेव्हलदादांचं.

"नाही बाई," दादा म्हणाला. "माझ्या धाकट्या भावाचं. मी त्याच्या हाताखाली होतो."

धाकटा दारात काठीवर रेलून उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते, पण ते मान्य करील तर तो दादाचा भाऊ कसला.

"बरा आहे हाताखाली," तो म्हणाला. "मुलांच्या खोलीलाही ठेवून घेईन म्हणतो."