इर्याच्या सायकलीची बॅटरी

वेइक्कोने आणलेला खोका रेइनोने गॅरेजमधल्या टेबलावर रिकामा केला. चाळीस लिथियमचे सेल, निळ्या वेष्टनातले, प्रत्येक अंगठ्यापेक्षा किंचित जाड. त्याने एक उचलला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. चौतीस ग्रॅम.

"सॉसेज तोलतोयस का?" वेइक्कोने विचारलं.

"पंचेचाळीसच्या खाली भरायला नको." दुसरा तेहेतीस भरला, तिसरा पस्तीस. "वरचा कागद नवा आहे. आत काही नाही."

वेइक्को रेइनोच्या बायकोचा, इर्याचा, थोरला भाऊ. सुपीरियर सरोवराकाठच्या त्या गावात दोघांनी एकाच कागद कारखान्यात एकतीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली. वेइक्कोचे गुडघे गेले आणि त्याने तीनचाकी विजेची सायकल घेतली. तिची बॅटरी हिवाळ्यात मेली. मासेमारी सुरू व्हायला तीन आठवडे होते, धक्का चार किलोमीटरवर. कुणाच्या गाडीतून जायचं तर आधी कुणाला तरी सांगावं लागलं असतं, आणि वेइक्को तसं सांगणाऱ्यातला नव्हता.

"चांगले मागव."

"दीड महिना लागतो. बर्फ गेलं की मासा थांबत नाही माझ्यासाठी." वेइक्कोने भिंतीकडे पाहिलं. तिथे खुंटीला इर्याची सायकल टांगलेली होती. "ती नुसतीच लटकलीय दोन वर्षं."

रेइनोने काटा बंद केला. इर्याला पुरून आला त्या दुपारी त्याने करवतीला धार लावली होती. गावाने ते पाहिलं. धार चांगली लागली होती, एवढंच त्याला आठवत होतं.

"तिच्यात एक सेल कच्चा आहे," तो म्हणाला.

"तू कच्चा सेल घातलास?"

घातला होता. रेइनोची रीत अशी : सेल विजेने पूर्ण भरायचा, त्याचं व्होल्टेज मोजायचं, खणात ठेवायचा आणि चौदा दिवस हात लावायचा नाही. मग पुन्हा मोजायचं. जो उतरला तो बाद, मग तो कितीही नवा असो. इर्याची बॅटरी बांधली त्या खेपेला एकोणचाळीस जागेवर राहिले आणि एक किंचित उतरला. इर्या दारात टोपी घालून उभी होती. एकाने काय होतं, असं म्हणून त्याने तोही जोडला. दुसऱ्या महिन्यात चढावर सायकल बंद पडली आणि इर्या सात किलोमीटर ढकलत आली.

"फोन का नाही केला तिने?" वेइक्कोने विचारलं.

"तुझीच बहीण."

वेइक्को हसला, मग त्याने पुन्हा खुंटीकडे पाहिलं. "नको काढायची तर राहू दे. मी घरी बसेन."

रेइनोने सायकल खाली घेतली.

त्याने तिच्या बॅटरीची पेटी उघडली. सेल सेलला जोडणाऱ्या निकेलच्या पट्ट्या पकडीने एकेक सोलल्या. घाई केली तर सेलचं टोक फाटतं, म्हणून एका पट्टीला दहा मिनिटं दिली. पट्टीचे उरलेले काटे घासून काढले. मोजणी यंत्रात एका वेळी आठ बसत. पूर्ण भरायचे, पूर्ण उतरवायचे, पुन्हा भरायचे. तीन दिवस गेले. प्रत्येक सेलवर त्याने आकडा लिहिला. काही वाटेल म्हणून तो थोडा थांबलाही होता. वाटलं नाही. मग त्याने सेल खणात ठेवले आणि खण लावून घेतला.

वेइक्को रोज वेलचीचा पाव घेऊन येई आणि खणाकडे बघे. "आज बघू या ना एकदा?"

"कॉफी पी."

पंधराव्या दिवशी चौतीस जागेवर होते. तो कच्चा सेल पार बसला होता. त्याच्या चारांच्या गटातले बाकीचे तीन त्याचं ओझं वाहून थकलेले. आणखी दोन शंकेचे.

"चौतीस म्हणजे झालंच की. शंकेचे टाक दोन आणि माझे ते नवे निळे चार."

"तीसच घालणार. तीन-तीनचे दहा गट, सगळे सारखे. लांब जाणार नाही. धक्क्यापर्यंत जाशील आणि परत येशील."

"आणि चढावर?"

"चढावरही."

शनिवारी सकाळी तीनचाकीला ती बॅटरी लावून वेइक्को धक्क्यावर गेला. रेइनोने सरपण फोडलं. दर अर्ध्या तासाने त्याने रस्त्याकडे पाहिलं. दोनच्या सुमाराला तीनचाकी आली, टोपलीत दोन मासे. रेइनोने आधी बॅटरीवर तळहात ठेवला. ती थंड होती. मग दहाही गट मोजले. दहाही सारखे.

"एक मासा तुझा," वेइक्को म्हणाला. "मोठा माझा."

"ठेव तिथे."

वेइक्को गेल्यावर त्याने इर्याची सायकल पुन्हा खुंटीला लावायला घेतली. आजवर तिला दोन हात लागत. आज, बॅटरीशिवाय, एका हातात वर गेली. तो हात वर धरून जरा वेळ उभा राहिला. मग सायकल खुंटीवर नीट बसली का ते हलवून पाहिलं, आणि मासा साफ करायला आत गेला.