एक चूल की दोन

मुरुमच्या बंडप्पाला गाव ‘टोच्या’ म्हणे. निजामाच्या राजवटीत पोरांच्या दंडावर देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा, हा सरकारी माणूस. तो दिसला की बाया लेकरं घेऊन ज्वारीत पळायच्या. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. बंडप्पाची धाकटी बहीण रुद्रम्मा गावातच दिलेली. तिचा पहिला मुलगा टोचल्यावर तापानं गेला. ताप टोचण्याचा की दुसरा कसला, कुणालाच सांगता आलं नाही. पुढं मुलगी झाली, तर तिच्या दंडाला रुद्रम्मानं भावाला हात लावू दिला नाही. त्यानंही हट्ट धरला नाही.

त्रेचाळीस साली नवा तपासनीस आला. आधीचे साहेब चावडीत बसत, पाटील टोचल्याच्या खुणा असलेली पोरं तेवढी पुढं करी, की झाली तपासणी. हा म्हणाला, “पाटील, तुम्ही बसा. मी वेशीपासून दर पाचवं घर बघणार. कुठलं, ते तुम्ही ठरवायचं नाही, मीही नाही. आणि ‘देवी झाल्या का’ असं विचारायचं नाही. रोग येऊन गेलेलाही ‘व्हय’ म्हणतो. दंड बघायचा.”

बंडप्पा सोबत निघाला. बसप्पाच्या दारात मोजणी अडली. दोघे भाऊ वेगळे निघालेले, पण दार एकच.

“एक धरू की दोन?” साहेबांनी विचारलं.

“एकच लिवा,” बसप्पा ओट्यावरून म्हणाला. “घरपट्टी एकाचीच हाय.”

एक धरलं तर पाचवं घर शिवम्माचं येत होतं, तिची सगळी पोरं टोचलेली. दोन धरली तर रुद्रम्माचं.

“चुली दोन हाईत, साहेब,” बंडप्पा म्हणाला. “दोन धरा.”

रुद्रम्माच्या मुलीचा दंड कोरा निघाला.

“ही कोण?”

“माझी भाची.”

साहेबांनी वहीत नोंद केली. पुढंही असेच कोरे दंड निघत गेले. पाचव्या घराची जी गत, तीच मधल्या चारांची धरायची असते. सगळं गाव पुन्हा टोचायचा हुकूम झाला. बंडप्पाचं काम कच्चं ठरलं, होऊ घातलेली बढती गेली ती गेलीच.

तो सुई घेऊन बहिणीच्या दारी गेला.

“अण्णा, सगळ्या गल्लीत माझंच दार दिसलं व्हय तुमाला?”

“म्या न्हाय दावलं. मोजणीत आलं.”

“मोजणीत.” तिनं मुलीचा दंड पुढं केला. “टोचा. आन् पंचमीच्या सणाला म्हायेरी माझी वाट बघू नका.”

उन्हाळ्यात देवीची साथ आली. हुकूम चुकवून पळालेल्यांची दोन लेकरं दगावली. भाची वाचली. आता बहीण भावाच्या गळ्यात पडली असेल, असं वाटतं ना? नाही पडली. पहिला का गेला, याचं उत्तर तिला अजून कुणी दिलं नव्हतं. बंडप्पा दर फेरीला त्या दारी जाई, भाचीच्या दंडावरची खूण बघे आणि पाणी न पिता पुढच्या घराकडं वळे.