मला शुगर आहे

डोंबिवलीत साखर आणि शुगर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. साखर चहात घालतात, शुगर माणसाला असते. मलाही आहे, पण गोळ्या सुरू झाल्यापासून ती वाढण्यापेक्षा एकदम उतरण्याचीच भीती जास्त. एकदा कणीक मळता मळता मी ओट्याशीच खाली बसले, तेव्हा मुलाने फर्मान काढलं, ‘‘आई, परत असं झालं तर एकटीने घराबाहेर पडायचं नाही.’’ सत्तावन्नाव्या वर्षी नजरकैद, आणि तीही आपणच जन्माला घातलेल्या माणसाकडून!

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, ‘‘रोज चाला. पण उपाशीपोटी नको, आणि जवळ काहीतरी गोड ठेवा.’’ मी घराजवळच्या मैदानात जाऊ लागले. तिथे सकाळी चालणाऱ्यांचा एक ग्रुप होता. त्याचे स्वयंघोषित प्रमुख बँकेतून निवृत्त झालेले एक काका. चालणं कमी, व्याख्यान जास्त. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, ‘‘तुम्हाला काय त्रास?’’ ‘‘शुगर आहे,’’ मी म्हटलं. ती उतरते, हे सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, टाळलंच. तिथे शुगर असणं प्रतिष्ठेचं होतं. चक्कर येणं म्हणजे मात्र बायकांची नाटकं.

तिसऱ्या दिवशी माझ्या पर्समधली खडीसाखर काकांना दिसली. ‘‘अहो वहिनी, शुगर आहे ना तुम्हाला? गोड म्हणजे विष!’’ पुडी जप्त झाली. वर ‘‘चालायचं ते उपाशीपोटीच, चरबी जळते,’’ हा उपदेश. आणि मी, आयुष्यभर शाळेत पोरांना ‘स्वतःच्या डोक्याने विचार करा’ सांगणारी बाई, दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी घेऊन उपाशीपोटी, रिकाम्या पर्ससह मैदानात हजर.

पाचव्या फेरीला हात थरथरायला लागले. कुर्ता घामाने पाठीला चिकटला. समोरच्या एका झाडाची दोन झाडं झाली. कशीबशी बाकावर टेकले. काय होतंय ते मला नीट कळत होतं आणि मी भयंकर घाबरले होते. एखादाच शब्द बोलण्याइतकं बळ उरलं होतं. तोही मी वाया घालवला.

‘‘शुगर,’’ मी म्हटलं.

‘‘हो हो, माहीत आहे,’’ भोवती जमलेले सगळे म्हणाले. ‘‘शुगर आहे यांना. वाढली असणार.’’

एकाने धावत जाऊन फाटकाबाहेरच्या गाडीवरून कारल्याचा रस आणला. ‘‘डोळे मिटून घ्या, लगेच उतरेल.’’ मी ग्लास ढकलला. रस एका बाईंच्या पांढऱ्या बुटांवर सांडला. ‘‘शुगर वाढली की चिडचिड होतेच,’’ त्या समजूतदारपणे म्हणाल्या. माणसं शेवटच्या क्षणी देवाचं नाव घेतात म्हणे. मला वाण्याची यादी आठवली.

‘‘साखर,’’ मी कसंबसं पुटपुटले.

साखर कोणाकडेच नव्हती, असती तर ग्रुपमधून हकालपट्टी झाली असती. तेवढ्यात काका पुढे झाले. सगळ्यांकडे पाठ करून त्यांनी माझ्या तोंडात एकामागून एक तीन लिमलेटच्या गोळ्या कोंबल्या. ‘‘चावा,’’ ते हळूच म्हणाले. कागद मात्र त्यांनी माझ्याच मुठीतल्या रुमालात खुपसले. पुरावा आपल्याकडे ठेवू नये एवढं बँकेत शिकले असणार.

पंधरा-वीस मिनिटांनी झाड पुन्हा एकच दिसू लागलं. बाकीचे आपापल्या फेऱ्यांना लागले होते. काका शेजारी बसून होते.

‘‘काका, हे विष तुमच्या खिशात कसं?’’

ते फाटकाकडे बघत म्हणाले, ‘‘माझीही उतरते. घरी सांगितलेलं नाही. सांगितलं तर सून एकट्याला सोडणार नाही.’’

त्यांना चांगलं फैलावर घ्यायचं होतं. पण कोणत्या तोंडाने? मीही घरी जाऊन नेमकं तेच करणार होते.

आणि केलंही. ‘‘झालं चालणं?’’ मुलाने विचारलं. ‘‘मस्त झालं,’’ मी म्हटलं आणि घामाचा रुमाल धुवायला टाकला. त्यातून लिमलेटचे तीन कागद जमिनीवर पडले. मुलाने ते उचलले.

‘‘काय हे आई! शुगर आहे ना तुला?’’

मी खुर्ची ओढली.

‘‘मला साखर लागते रे,’’ मी म्हटलं. ‘‘बस इथे. सगळं सांगते.’’