केळीच्या बागेत उतरलेला पाव्हणा

अंतराळातून आलेल्या पाहुण्याला टॉवेल-टोपी करणारं जगातलं पहिलं घराणं माझ्या सासुरवाडीचं आहे. (याचा उल्लेख अजून कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. पण पाठ्यपुस्तकं नेहमीच उशिरा सुधारतात.)

सासुरवाडी म्हणजे उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून असलेलं एक गाव. तिथं माझा मेहुणा दत्ता केळी करतो. मी सोलापुरात एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालो. आयुष्यभर लोकांना पुस्तकं काढून दिली म्हणजे ती मी वाचलीही असणार, असा सासुरवाडीचा समज आहे आणि तो दूर करायचा मी कधी प्रयत्न केलेला नाही. त्यामुळे बोअरला पाणी लागेना, म्हैस दूध देईना, जावयाचं डोकं फिरलं, काहीही झालं तरी 'दाजींना इचारा' हा तिथला शेवटचा उपाय असतो. (शेवटचा अशासाठी, की माझं उत्तर ऐकल्यावर पुन्हा कुणाला काही विचारावंसं वाटत नाही.)

त्या दिवशी सकाळी मी चहात पाव बुडवत होतो, तेवढ्यात दत्ताचा फोन आला.

"दाजी, बागंत यान पडलंय."

"कसलं यान?"

"पांढरं हाय. वर नारंगी छत्री हाय. आन आत माणूस बसलाय."

पाव चहात गेला. "अरे, जिवंत आहे का?"

"व्हय की. हसतोय."

आम्ही, म्हणजे मी आणि माझी बायको शैला, दुपारी पोचलो, तेव्हा तो खरंच हसत होता. दीड रिक्षाएवढा एक पांढरा डबा केळीच्या दोन ओळींच्या मधोमध बसला होता. त्याला एक गोल खिडकी, खिडकीमागे खुर्ची, आणि खुर्चीत पट्ट्याने बांधलेला एक प्लास्टिकचा पुतळा. कापडाच्या दुकानात सफारी घालून उभा असतो ना, त्याचाच भाऊ. डब्यावर लिहिलेल्या नंबरवर मी फोन लावला. पलीकडे कीर्ती नावाची एक मुलगी होती. ती रडण्याच्या बेतात होती, असा मला संशय आला.

"सर, सापडलं? थँक गॉड! सर, आमची कंपनी पुढं-मागं पर्यटकांना फुग्यातून वर नेणार आहे. ही त्याचीच चाचणी होती. वाऱ्यानं फुगा भरकटला. आम्ही परवा येतो. तोवर प्लीज कुणाला जवळ जाऊ देऊ नका!"

मी मोठ्या अधिकारवाणीने "काळजी नको" म्हटलं आणि मागं वळलो. मागं निम्मं गाव उभं होतं.

दत्ताला मात्र यानाचं काही पडलेलं नव्हतं. त्यानं मला बाजूला घेतलं.

"दाजी, परवा व्यापारी येतोय. सगळी बाग कापायची हाय. माल भाईर देशात जाणार. आन ही माणसं बगा की, घड चाचपत हिंडाय लागलीत!"

गेल्या वर्षी वादळानं त्याची सगळी बाग आडवी केली होती. यंदा त्यानं एकेका घडाला प्लास्टिकची पिशवी घालून, लेकरागत जपून माल आणला होता. परदेशी जाणाऱ्या केळ्यावर एक ओरखडासुद्धा चालत नाही. (परदेशी जाणाऱ्या माणसांची इतकी कडक तपासणी होत नसावी, हे आपण पाहतोच.) लोक अजून दोन दिवस असेच बागेत फिरले असते, तर व्यापाऱ्यानं दारातून गाडी परत वळवली असती.

"मग लोकांना जा म्हण!" मी सोपा उपाय सांगितला.

मी त्याला बाग पेटवायला सांगितलं असावं, असा दत्ताचा चेहरा झाला.

"दारात आलेल्याला जा म्हनायचं? दाजी, आमच्या आबांनी मरायच्या दिवशी डाक्टरला च्या पाजल्याबिगर सोडला न्हाय!"

ही त्या घराची खरी अडचण आहे. तिथं आलेला माणूस चहाशिवाय जात नाही, चहाला थांबलेला जेवल्याशिवाय जात नाही, आणि जेवलेला माणूस जरा महत्त्वाचा निघाला तर टॉवेल-टोपीशिवाय जात नाही. दत्ताच्या बायकोनं, रुक्मिणीवहिनींनी, चहाचं पातेलं उतरवून ठेवून चक्क कढई चढवली होती. यान बघायला आलेले लोक चहा घेत आणि चहा घेतला म्हणून परत एकदा यान बघायला जात! चहाची बातमी यानापेक्षा लांब पोचली. संध्याकाळपर्यंत धरणापलीकडची माणसं होडीतून यायला लागली.

आणि प्रत्येकाला विज्ञानाबद्दल काही ना काही बोलायचं होतं.

"ह्यात बसून श्रीमंतांना वर नेणार म्हनं."

"वर जायाला कशाला पैसं? आमी फुकट जातो की!"

"पर हे परत बी आणत्यात."

"मग त्याचंच पैसं घेत असत्याल."

(अंतराळाच्या व्यापारीकरणावर याहून नेमकं भाष्य मी कुठल्याही नियतकालिकात वाचलेलं नाही.)

शेजारच्या गोदाआज्जी पुतळ्यासाठी भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. "एवड्या लांबनं आलाय लेकरू. पट्ट्यानं बांदून घातलाय, मागंल तरी कसं?" मी म्हणालो, "आज्जी, तो प्लास्टिकचा आहे." आज्जींनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. "आसंना का. उपाशी हाय न्हवं?" डब्याचं दार धक्क्यानं आधीच किलकिलं झालं होतं. त्यातून हात घालून त्यांनी भाकरी त्याच्या मांडीवर ठेवली.

मग सरपंच फ्लेक्स घेऊन आले. 'अंतराळवीरांचे हार्दिक स्वागत!' फ्लेक्सवर अंतराळवीर नखाएवढा होता आणि सरपंच खऱ्या यानाहून मोठे. सरपंच आले म्हटल्यावर पाहुण्याचा मान करणं आलंच. दत्तानं घरातला नवाकोरा सोलापुरी टॉवेल पुतळ्याच्या गळ्यात घातला, टोपी डोक्यावर ठेवली, नारळ मांडीवर भाकरीशेजारी टेकवला आणि हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. असल्या थाटामाटाचा मला मनापासून तिटकारा आहे. (त्या वेळी मला मात्र नुसता नारळ मिळाला. पण त्याचा इथं काही संबंध नाही.)

दुसऱ्या दिवशी बांधावर भेळेची गाडी लागली. तिच्याशेजारी एक रसवंती आली, तिचं नाव 'यान पॉइंट'. गावातला पिंट्या, ज्याचा व्यवसाय 'रील्स' असा सांगतात, तो यानाला टेकून दिवसभर स्वतःचीच मुलाखत घेत होता. केळीतून ये-जा करणाऱ्यांनी आता मधून मळलेली वाट पाडली. दत्ता प्रत्येक घडाजवळ उभा राहून लोकांना हात जोडत होता. "जरा बेतानं पाव्हणं... च्या घेतला का?" त्याच्या तोंडून 'जा' हा शब्द काही निघत नव्हता.

आता मलाच काहीतरी करणं भाग होतं. मी एका पाटावर उभा राहून भाषण केलं. हे अंतराळयान नाही, हा पुतळा आहे, हे फक्त फुग्याला बांधून वर गेलं होतं, यात बघण्यासारखं काहीही नाही! लोकांनी शांतपणे ऐकलं. आणि गर्दी दुप्पट झाली. 'सोलापूरच्या दाजींनी तपासून पास केलं' असं गावोगाव झालं होतं.

तेव्हा मी एक पाऊल पुढं गेलो. हॉटेलवाल्या भीमरावांना एकीकडं घेतलं आणि हळूच म्हणालो, "कुणाला सांगू नका, पण त्या डब्यातून किरणं येतात. जवळ जाणं बरं नाही."

भीमरावांची मी मुद्दाम निवड केली होती. त्यांना 'कुणाला सांगू नका' म्हणणं म्हणजे देवळावरच्या कर्ण्याला सांगणं.

काय सांगू! तासाभरात बाग रिकामी! होड्या परत गेल्या, रसवंती उठली, सरपंचांना तातडीची मीटिंग आठवली. दत्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. "दाजी, तुमी हाय म्हनून बाग वाचली बगा." मी ओसरीवर बसून चहा घेतला आणि 'लोकांच्या मानसशास्त्राचा अभ्यास' या विषयावर शैलाला दोन शब्द सांगायला सुरुवात केली.

तिसरा शब्द सांगायच्या आत व्यापाऱ्याचा फोन आला.

दत्ता नुसता "व्हय... व्हय... बरं" म्हणत राहिला. मग फोन खिशात ठेवून म्हणाला, "बागंला किरणं लागलीत म्हनं. ते दुसरीकडनं माल घेत्यात."

दत्तानं मला शिव्या घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्यानं माझा रिकामा कप उचलला, आत जाऊन भरून आणला आणि माझ्यासमोर ठेवला. "च्या घ्या, दाजी." आयुष्यात इतका कडू चहा मी प्यायलेलो नाही. (आणि वहिनी साखर मुठीनं घालतात.)

शैलाला असल्या रीतिरिवाजांचं बंधन नव्हतं. "आयुष्यभर पुस्तकं वाटलीस! आणि वेळ आली तेव्हा वाटलीस काय, तर अफवा!"

मी चपला घालून गावात निघालो. घरोघरी जाऊन सांगितलं, किरणं-बिरणं काही नाहीत, मी खोटं बोललो! भीमरावांनी हॉटेलचं दार पुढं ढकललं आणि कुजबुजत विचारलं, "दाजी, सरकारनं गप ऱ्हायला सांगितलं का?"

"अहो, सरकारचा काय संबंध? मीच थाप मारली होती."

"व्हय व्हय. समजलं." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमाला पेन्शन हाय. तुमी न्हाई बोलू शकत."

मी पुढच्या घरी पोचायच्या आधीच 'दाजींना दाबलं' ही बातमी तिथं पोचलेली होती. खोटं बोललो तेव्हा माझ्यावर सगळ्यांनी एका क्षणात विश्वास ठेवला. खरं बोलायला लागलो, तर गोदाआज्जीसुद्धा माझी दृष्ट काढायला निघाल्या!

तिसऱ्या दिवशी कंपनीचा ट्रक आला. त्यातून कीर्ती उतरली. विशी-पंचविशीची, धुळीनं माखलेली, बहुतेक दोन दिवस न झोपलेली. ती धावत यानापाशी गेली, खिडकीतून आत पाहिलं आणि थबकली. टॉवेल, टोपी, नारळ, भाकरी. अंतराळ प्रवासाच्या इतिहासात कुणी इतकं सुस्थितीत परत आलं नसेल.

"सर, याला... काय केलंय?"

"मान केलाय, म्याडम," दत्ता संकोचून म्हणाला. "पयल्यांदाच आलं होतं."

तिनं पट्टे तपासले, खुर्ची तपासली. सगळं शाबूत होतं. पहिलीच चाचणी होती तिची, आणि डबा फुटला असता तर पुढची मिळाली नसती, असं तिनंच सांगितलं. मग ती तिथंच बांधावर बसून आधी हसली आणि नंतर रडली. वहिनींनी तिला उठवून घरात आणलं. चूल पेटेपर्यंत काहीतरी पोटात जावं म्हणून घरात पिकायला टांगलेल्या घडाची एक फणी तिच्यापुढं ठेवली.

पोरगी भुकेली होती. एक केळं खाल्लं, दुसरं खाल्लं, मग मोजणं मी सोडून दिलं. दारात पिंट्या फोन धरून उभा होता. (किरणांना न घाबरणारा गावातला हा एकमेव माणूस. फोनच्या पडद्याआडून बघितलं की किरणं लागत नाहीत, असा त्याचा सिद्धांत आहे.)

"म्याडम, ही यानाजवळची केळी हायत. कशी हायत?"

तोंडात केळं असताना माणूस जे बोलू शकतो तेच ती बोलली. "एक नंबर!"

संध्याकाळपर्यंत ते रील कुठं कुठं पोचलं कुणास ठाऊक. 'यानवाल्या मॅडमनी खाल्लेली केळी!' फोन सुरू झाले. ही केळी खाल्ली की गुडघे दुखायचे राहतात का, असं एकानं विचारलं. दुसऱ्याला लग्नात जेवणावळीला तीच हवी होती. सगळ्यात शेवटी मूळ व्यापाऱ्याचा फोन आला, आणि त्याचा आवाज कमालीचा प्रेमळ झाला होता. दुसऱ्याच दिवशी सबंध बाग कापली गेली, तीही दत्ता म्हणेल त्या भावानं. कीर्तीची वहिनींनी खण-नारळानं ओटी भरली. ट्रक निघाला तेव्हा पुतळा मागं बसून टोपीसकट हसत होता. टोपी काढायची नाही, असं कीर्तीनं ड्रायव्हरला बजावलं होतं.

निघताना दत्तानं माझ्या गळ्यातही टॉवेल घातला. "दाजी, तुमी ती किरणं सोडली नसती तर एवडा भाव आलाच नसता बगा!" अशा सत्कारांवर माझा विश्वास नाही. टॉवेल मात्र मऊ आहे.

आठवड्यानं सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी नेहमीच्या केळीवाल्या रफिकभाईंच्या गाड्यावर पुठ्ठ्याची पाटी दिसली: 'अंतराळ केळी'. भाव दुप्पट. (त्या आठवड्यात जिल्ह्यातलं प्रत्येक केळं दत्ताच्याच बागेतलं होतं. दत्ताची बाग इतकी मोठी आहे, हे दत्तालाही ठाऊक नव्हतं.)

"रफिकभाई, ह्या केळ्यांत विशेष काही नाही हो. साधी केळी आहेत."

"ऐसा कैसा, काका! किरणं लागलेली हायत. सोलापूरच्या लई मोठ्या शास्त्रज्ञानं सोता जाऊन तपासलंय."

"त्या माणसानं थाप मारली होती!"

रफिकभाईंनी तराजू खाली ठेवला आणि मला नखशिखान्त न्याहाळलं.

"काका, राग नका मानू. पर तुमी काय त्यांच्यापेक्षा जास्त शिकलाय व्हय?"

मी बराच विचार केला. मग म्हणालो, "नाही, तेवढं नाही," आणि एक डझन घेतली.